बॉम्बची भेग

परवा आमच्या शाळेत एवाल्ड टेमहोफच्या नावाची पाटी बसवली. पितळेची, ताटाएवढी. आणि ती बसवल्यावर भाषण कुणी केलं, तर विलफ्रीड क्नेबलनं. ज्यानं टेमहोफचं तिकीट कापलं आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन बसला, तोच माणूस रुमालानं डोळे टिपत सांगत होता, की आमचे एवाल्ड फार प्रेमळ, मनमिळाऊ, उभ्या आयुष्यात कुणाला दुखवलं नाही. माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. पाटी नेमकी कुठं बसवली तेही सांगणार आहे. पण आधी माणूस कसा होता ते सांगते, कारण ह्या लोकांच्या हातात सोडलं तर पुढच्या वर्षी त्याला संत करून टाकतील.

टेमहोफ प्रेमळ नव्हता. सगळ्या उल्मराडे गावात त्याच्याइतका चिडका माणूस सापडला नसता. सतराएक वर्षं तो माझ्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहिला, माझ्या टेबलावर जेवला, आणि बटाट्याची गरम धिरडी पुढ्यात आली तरी आधी पेपरातल्या कुणावर तरी चिडून घ्यायचा, मग काटा उचलायचा. आम्हा दोघांविषयी लोक काय बोलायचे ते मला ठाऊक आहे. बोलोत. त्या तोंडांना सिगारेटी मीच विकत होते.

माझी टपरी घराच्या पुढच्या खिडकीतच आहे. बिअर, तंबाखू, वर्तमानपत्रं, बरणीतल्या आंबवलेल्या काकड्या, पोरांसाठी गोळ्या. फ्रीडा कोळसाखाणीची पाळी सुटली की माणसं खिडकीपाशी उभी राहतात आणि जे बायकोला सांगत नाहीत ते मला ऐकवतात. हे घर माझ्या नवऱ्यानं, योसेफनं, बांधलं. युद्धात पडलेल्या घरांच्या विटा आणून आम्ही दोघांनी हातोडीनं खरवडून साफ केल्या, माझ्या बोटांची सालटी निघाली. जमीन खाणीनं हप्त्यावर दिली. घर उभं राहिलं आणि पुढच्या हिवाळ्यात योसेफ खाली गेला तो वर आलाच नाही. खाणीनं मला टपरीचा परवाना मिळवून दिला, आणि तेव्हापासून मी खाल्ल्या मिठाला जागावं अशी सगळ्यांची अपेक्षा.

टेमहोफ तेव्हा खाणीच्या मोजणी खात्यात इंजिनियर होता. रशियातल्या कैदेतून उशिरा सुटून आलेला, हाडं आणि ओव्हरकोट एवढाच माणूस. बायको तो कैदेत असतानाच दुसऱ्याबरोबर निघून गेलेली. त्याचं काम असं, की कुणाच्या घराला भेग पडली की जायचं, बघायचं आणि सांगायचं, ही बॉम्बची भेग आहे. बॉम्बच्या भेगेशी खाणीचा संबंध नाही, म्हणजे भरपाईही नाही. आमच्या वस्तीखालून कोळसा काढत होते, जमीन बसत होती, दारं चौकटीत अडकत होती, टेबलावर ठेवलेलं सफरचंद आपोआप घरंगळत खिडकीकडं जात होतं, पण खाणीच्या मते सगळं त्या बॉम्बमुळं. आणि लोक गप्प. आमचीच माणसं खाली आमच्याच पलंगाखालचा कोळसा फोडत होती, बोलणार कोण?

माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली तेव्हा हा माणूस आला. भिंतीवरून बोट फिरवलं, वर बघितलं आणि सवयीनं म्हणाला, "बॉम्बची भेग आहे, माटुशेकबाई."

"कुठल्या बॉम्बची?"

"युद्धातल्या."

"साहेब, हे घर युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी बांधलंय. बॉम्ब काय वरती वाट बघत थांबला होता, माझं घर होईस्तोवर?"

त्याचे आधी कान लाल झाले, मग मान. माझ्याकडं असा बघत राहिला की मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येणार. मग लक्षात आलं, राग माझ्यावर नव्हता. टोपी न घालताच तो बाहेर पडला आणि टोपी माझ्या खुर्चीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी टोपी न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात रबराची वाटी आणि प्लास्टरची पिशवी होती. वाटीत पाणी घालून प्लास्टर कालवलं, भेगेवर तळहाताएवढी चकती थापली आणि ओली असतानाच खिळ्यानं तीवर तारीख कोरली.

"प्लास्टर ताणत नाही," तो म्हणाला. "भिंत जागेवर असेल तर ही चकती तुम्ही मरेपर्यंत अशीच राहील. भिंत सरकली तर हिचे दोन तुकडे होतील. मग कुणी मला बॉम्बचं नाव सांगायचं नाही."

"सांगत तर तुम्हीच होता."

"हो," तो म्हणाला. "सहा वर्षं." आणि माझी खुर्ची लाथेनं बाजूला सारली. खुर्चीचा काय दोष होता कोण जाणे.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या सुट्या संपायच्या आत चकती मधोमध तुटली. त्यानंतर टेमहोफ वस्तीत जिथं जिथं बॉम्बची भेग सांगून आला होता तिथं पुन्हा गेला आणि चकत्या लावत सुटला. डायरेक्टर हाउसवाल्डनं त्याला बोलावून विचारलं, तुमचा पगार कोण देतं? टेमहोफ म्हणाला, पगार तुम्ही देता, पण भिंत तुमच्या पगारावर नाही. मग त्याला कामगारांचे दिवे देण्याघेण्याच्या खोलीत बसवलं. शिकलेला इंजिनियर, फडक्यानं दिव्याच्या काचा पुसायला. दोन आठवडे पुसल्या आणि राजीनामा दिला. खाणीची खोली गेली, म्हणून माझ्याकडं राहायला आला. नगरपालिकेच्या गटारांच्या कामावर कशीबशी नोकरी मिळाली.

राजकारण? त्याच्यासमोर शब्द काढायची सोय नव्हती. "ज्याला मोजता येत नाही तो भाषण करतो," असं म्हणायचा. पक्षाची माणसं दारात पत्रकं घेऊन आली की तो वरून ओरडायचा, रद्दी नको आहे.

मग शाळेचं प्रकरण निघालं. आमच्या शाळेखालचा कोळसा कैसर बादशहाच्या काळापासून तसाच सोडलेला होता. वर पोरं बसतात, म्हणून जुन्या मालकांनाही तेवढी लाज होती. हाउसवाल्डला तो कोळसा हवा होता. त्यानं परवानगी मागितली, आणि परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला वरून साहेबांची समिती येणार असं ठरलं. टेमहोफनं समितीला कळवलं, की वस्तीतल्या चाळीसएक घरांत माझ्या चकत्या आहेत. खालचं काम जसजसं जवळ आलं तसतशा त्या तुटल्या आहेत. त्या बघा आणि मग सांगा, शाळा उभी राहील का. समितीनं मान्य केलं. ईस्टरनंतरच्या रविवारी पोरांचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे कॅथलिक पोरं चर्चमधे पहिल्यांदा प्रसाद घेतात तो सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवारी यायचं ठरलं.

आता आमच्याकडं कम्युनियनची रीत काय, तर पाहुणे येणार म्हणून बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर नवं दिसलं पाहिजे. एरवी घरात उंदीर नाचोत. पांढऱ्या झग्यातली पोर, टेबलावर तीन मजली केक आणि भिंतीला नवा वॉलपेपर. युद्धानंतर वॉलपेपर मिळणंही मुश्कील होतं, बायका एकमेकींचे उरलेले तुकडे जोडायच्या. त्या वर्षी मात्र क्नेबल हातगाडी घेऊन दारोदार फिरला. हा क्नेबल म्हणजे खाणीतल्या कामगारांचा पुढारी, आणि पक्षाच्या आमच्या शाखेचाही अध्यक्ष. हातगाडीवर वॉलपेपरचे गठ्ठे. पांढऱ्यावर गुलाबी गुलाब, असा सुरेख कागद आमच्या वस्तीनं कधी बघितला नव्हता.

"खाणीकडून भेट," तो प्रत्येक दारात सांगत होता. "ज्यांच्या घरी कम्युनियन नाही त्यांनीही घ्या. सण सगळ्यांचाच."

माझ्या खिडकीशीही आला. मी प्रोटेस्टंट, घरात मूलबाळ नाही, आणि गुलाब मला स्वयंपाकघरात बघवत नाहीत. मी म्हटलं, पुढं जा. असतं घरात एखादं पोर, तर मीही गुलाब चिकटवले असते, उगाच शहाणपणा सांगत नाही.

टेमहोफनं प्रत्येक घरात बजावून ठेवलं होतं, की सोमवारपर्यंत भेगेच्या कोपऱ्याला हात लावू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तो बिचारा शाळेच्या तळघरात मापं घेत बसला होता. आणि सणाच्या आधी आमच्याकडं कुणी कुणाला आत घेत नाही, खोली एकदम रविवारीच उघडायची. त्यामुळं सोमवारी समितीबरोबर पहिल्या घरात पाऊल टाकेपर्यंत त्याला काही कळलं नाही, आणि मलाही नाही.

पहिलं घर आडेलहाइड ग्रोनावचं. मी टपरी बंद करून मागोमाग गेले होते. दार उघडलं आणि चहूकडं गुलाब. छतापासून जमिनीपर्यंत, कोपऱ्यातही. भेगेच्या जागी कागदाखाली एक फुगवटा तेवढा दिसत होता, आणि त्यावर आडेलहाइडनं कुमारी मेरीची तसबीर टांगली होती.

समितीतल्या चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "भेग कुठं आहे?"

टेमहोफनं खिशातून चाकू काढला. आडेलहाइड त्याच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहिली. तिच्या हातात केकची बशी होती.

"ब्रिगिटेच्या कम्युनियनचा कागद आहे," ती म्हणाली. "पाहुणे अजून गेले नाहीत. चाकू आत ठेवा, साहेब."

"आडेलहाइडबाई, खाली चकती आहे. तुटलेली. तुम्हीच मला दाखवलीत."

"असेल. पण माझ्या सासरची माणसं बसली आहेत इथं. त्यांच्यादेखत माझी भिंत फाडणार?"

टेमहोफ समितीकडं वळला. चष्मेवाले म्हणाले, "हे पाहा, आम्ही लोकांच्या घरात पाहुणे म्हणून आलोय. घरं फाडायला नाही." आणि त्यांनी केक घेतला. खरंच घेतला, आणि छान झालाय असंही म्हणाले.

पुढच्या घरात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. सगळीकडं गुलाब, केक आणि कॉफी. टेमहोफ प्रत्येक उंबऱ्यावर उभा राहायचा, चाकू मिटलेल्या मुठीत. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी एका माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं. शेवटी मी समितीला ओढून माझ्या स्वयंपाकघरात नेलं. उघडी भिंत, उघडी भेग आणि तुटलेली चकती. चष्मेवाल्यांनी वाकून बघितलं, आणि मग विचारलं, "टेमहोफ राहतात कुठं?"

"वरच्या खोलीत," मी म्हटलं.

"असं," ते म्हणाले. "म्हणजे सगळ्या वस्तीत तुटलेली चकती एकाच घरात, आणि त्या घरात हे स्वतः राहतात."

महिन्याभरात परवानगी आली. शाळेखालचा कोळसा काढायची परवानगी, आणि ती कशाच्या जोरावर, तर गुलाबांच्या. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी टेमहोफनं रबराची वाटी माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी ती उचलून धुऊन ठेवली. जेवताना तो एक घास खाईना.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला. "पुरावे गोळा करत बसलो. पुरावा भिंतीवर असतो, आणि सही राजधानीत, डुसेलडॉर्फला होते. ज्या टेबलावर सही होते त्या टेबलाशी बसायला पाहिजे."

"त्यासाठी भाषण करावं लागतं," मी म्हटलं. "हात जोडावे लागतात. आणि क्नेबलच्या पाया पडावं लागतं."

"ते सोडून बाकी सगळं करीन."

तो पक्षात गेला. मलाही ओढून नेऊन सभासद केलं, म्हणाला, एक मत तरी पक्कं असू दे. आमच्या भागात एकच पक्ष चालतो, त्यानं उभं केलेलं लाकूडही निवडून येतं, त्यामुळं खरी लढाई मतदानाच्या दिवशी नसतेच. ती असते हुल्समानच्या गुत्त्यात मागच्या खोलीत, उमेदवार ठरवतात तेव्हा. विधानसभेसाठी क्नेबलनं स्वतःचं नाव पुढं केलं होतं. टेमहोफनं आपलं नाव दिलं तेव्हा लोक हसले. माझ्या खिडकीशी उभे राहून हसले.

पण शरद ऋतू आला आणि गुलाब फाटायला लागले. भिंत काही खाणीच्या भेटीला जागत नव्हती. खालचं काम शाळेकडं सरकत होतं, जमीन बसत होती, आणि कागद भेगेच्या रेषेत उभा चिरत होता. कुणाचा स्वयंपाकघरात, कुणाचा पलंगाच्या डोक्याशी. आणि बायका चिडल्या कुणावर? टेमहोफवर. आमच्या लोकांचं हे असंच असतं. आडेलहाइड खिडकीशी येऊन मला म्हणाली, "तुझ्या त्या भाडेकरूच्या चकत्यांमुळं माझा कागद फाटला."

"चकतीमुळं?" मी म्हटलं. "घरी जा, फाटलेला तुकडा ओढून काढ, आणि मागं काय चिकटलंय ते बघ. मग मला शिव्या घाल."

त्यानंतर बरेच दिवस ती दिसली नाही. तंबाखूलाही नवऱ्यालाच पाठवायची.

उमेदवार ठरवायची बैठक फेब्रुवारीत झाली. मागची खोली धुरानं भरलेली, सगळे पुरुष, बायकांत सभासद म्हणून मी आणि शाळेतली एक मास्तरीण. क्नेबल छान बोलला. त्याला येतंच. मग टेमहोफ उभा राहिला, आणि त्याला मुळीच येत नव्हतं. त्यानं ओरडायलाच सुरुवात केली. सहा वर्षं मी तुमच्या घरात येऊन खोटं बोललो, तुम्हाला माहीत होतं मी खोटं बोलतोय, तरी तुम्ही मला कॉफी पाजलीत. काय माणसं आहात तुम्ही? हे मतं मागायचं भाषण.

क्नेबल म्हणाला, "एवाल्ड, खाण बंद पडली तर पोरांना काय चकत्या भाजून घालायच्या?"

खोली हसली. हसण्यासारखंच होतं, आणि खोटंही नव्हतं. खाणीवरच सगळ्यांच्या चुली पेटत होत्या.

"खाण बंद करा असं मी म्हणालोच नाही," टेमहोफ म्हणाला. "शाळेखालचा कोळसा सोडा, एवढंच. पोरं तुमचीच बसतात तिथं."

तेवढ्यात दार उघडलं आणि आडेलहाइड ग्रोनाव आत आली. मागं वस्तीतल्या बायका, सगळ्यांच्या काखेत वॉलपेपरची गुंडाळी. हुल्समान म्हणाला, बाई, सभासदांची बैठक आहे. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. बिअरच्या मगांमधे जागा करून तिनं आपला कागद टेबलावर उलटा पसरला. मागच्या बाजूला प्लास्टरची अर्धी चकती चिकटून आली होती, तारखेसकट.

"हा ब्रिगिटेच्या कम्युनियनचा कागद," ती म्हणाली. "शरदात एका रविवारी मी सूप वाढत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंत टरकन फाटली. दुसरी अर्धी चकती अजून भिंतीवर आहे. विलफ्रीड, हा कागद तूच मला मापून दिलास. आता तूच सांग, ही कुठल्या बॉम्बची भेग?"

बायकांनी एकेक करून आपापले कागद पसरले. टेबल पुरेना, मग लोकांच्या मांड्यांवर टाकले. प्रत्येक नवऱ्याच्या मांडीवर आपल्याच घरची भिंत.

"मतदान घ्या," आडेलहाइड म्हणाली, आणि नवऱ्याकडं वळली. "आणि ग्रोनाव, तू हात वर करणार आहेस. नाहीतर आजपासून सूप स्वतःचं स्वतः करायचं."

टेमहोफला तिकीट मिळालं आणि उन्हाळ्यात तो डुसेलडॉर्फला गेला. आडेलहाइडचे आभार त्यानं कधी मानले नाहीत. उलट तिला म्हणाला, हे तुम्ही त्या सोमवारी केलं असतंत तर हा खटाटोप लागलाच नसता. ती आठवडाभर माझ्याशीही बोलली नाही.

विधानसभेत तो कुणाला आवडला नाही. पहिल्याच भाषणात अध्यक्षांनी आवाज खाली करायला सांगितलं. त्यानं पिशवीतून फाटके गुलाब आणि चकत्या काढून टेबलावर मांडल्या, तर सभागृहात घाण केली म्हणून समज मिळाली. पण तो सोडत नव्हता. मंत्र्यांच्या दाराबाहेर, जेवणाच्या खोलीत, जिन्यात, जिथं साहेब गाठता येईल तिथं तेच. आम्हाला शनिवारी घरी येऊन तेच. मला तर त्या शाळेचं नाव ऐकलं की डोकं दुखायचं. आणि एक दिवस हुकूम निघाला. शाळेखालचा उरलेला कोळसा कायमचा तसाच ठेवायचा. तोपर्यंत काम पटांगणाच्या कडेपर्यंत आलं होतं, आणि शाळेच्या आत, दारातून गेल्यावर डाव्या हाताला, भिंतीवर केसाएवढी भेग उमटली होती.

त्या भेगेवर त्यानं शेवटची चकती लावली. वाटी मीच काढून दिली. तारीख कोरून झाल्यावर म्हणाला, "माटुशेकबाई, खालचा कोळसा जागेवर आहे तोवर ही तुटणार नाही. तुटली तर समजा कुणीतरी खाली हात घातलाय. इथं काही टांगू देऊ नका, काही चिकटवू देऊ नका."

पुढच्या वेळी पक्षानं त्याला तिकीट दिलं नाही. का द्यावं? पोराला नोकरीला लावा म्हणून कुणी आलं, तर तो जिन्यावरून ओरडायचा, मी मापं घेतो, शिफारशी लिहीत नाही. क्नेबल लिहायचा. क्नेबल निवडून आला, पोहायचा तलाव आणला, बसथांब्याला छप्पर आणलं, आणि ज्यांच्या पोरांची शाळा टेमहोफनं वाचवली त्यांनीच त्या छपराखाली उभं राहून टेमहोफ विक्षिप्त आहे म्हणायला सुरुवात केली. तो गटारांच्या कामावर परत गेला. मागच्या नोव्हेंबरात जिना चढताना बसला तो उठला नाही. मला त्याची आठवण येते, रोज येते, आणि आली की रागच येतो. रडू येत नाही.

तर ती पाटी. क्नेबलचं भाषण झालं, त्यानं वरचं फडकं ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे हॉलमधे बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज खायला गेले. मी तिथंच उभी राहिले, कारण पाटी दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला बसवली होती. बरोबर चकतीवर.

शाळेचा शिपाई लोटार खुर्च्या उचलत होता. त्याला मी लहानपणापासून गोळ्या विकल्या आहेत.

"लोटार, पाटी काढ."

"मावशी, आत्ताच बसवलीय."

"म्हणूनच स्क्रू अजून सैल असतील. काढ."

त्यानं काढली. पितळ जाड होतं, मागं चकतीपुरती पोकळी ठेवून बसवलेलं, म्हणजे बसवणाऱ्यानं खाली काय आहे ते बघितलं होतं. चकती मधोमध तुटली होती. टेमहोफनं लावली तेव्हा केसाएवढी असलेली भेग आता त्या दोन तुकड्यांमधून माझं नख आत जाईल एवढी होती.

फ्रीडा खाण दोनेक वर्षांत बंद होणार हे सगळ्यांना माहीत आहे. बंद व्हायच्या आधी हाताशी येईल ते ओरबाडून न्यायचं चाललंय, हेही खिडकीशी ऐकू येत होतं. पण शाळेखालचं? पोरं भिंतीला टेकून डबे खातात तिथलं?

मी पाटी काखेत मारून हॉलमधे गेले आणि क्नेबलच्या पुढ्यात, त्याच्या सॅलडच्या ताटलीवरच ठेवली. आडेलहाइडही होती तिथं, नातवाला घेऊन.

"विलफ्रीड," मी विचारलं, "डुसेलडॉर्फचा हुकूम कधी मोडीत काढला? आणि सही कुणाची?"

त्यानं आधी पाटीकडं बघितलं, मग आजूबाजूला. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि मी म्हातारी झाले आहे अशा आवाजात म्हणाला, "हेडविग, तापू नकोस. भिंत जुनी आहे. बॉम्बची भेग असेल."

आडेलहाइडनं नातवाच्या हातातला काटा काढून खाली ठेवला, त्याला उठवलं आणि बाहेर घेऊन गेली. तिच्या मागं आणखी दोघीतिघी उठल्या.

काल मी टेमहोफची रबराची वाटी कपाटातून काढली, लोटारनं पाणी दिलं, आणि शाळेच्या भिंतीवर नवी चकती लावली. तारीख वाकडी आली. पाटी माझ्याकडं आहे, काकड्यांची बरणी तिच्यावर ठेवली आहे. हवी असेल त्यानं मागायला यावं.

पुढच्या गुरुवारी हुल्समानच्या मागच्या खोलीत विधानसभेचा उमेदवार ठरवायची बैठक आहे. मी नाव दिलंय. त्या दिवशी टपरी बंद राहील, तेव्हा तंबाखू आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.